भिंतीपलीकडची बादली

१

आमच्या न्हाणीची मागची भिंत आणि शेजारच्या सिद्धलिंगप्पांच्या संडासाची भिंत एकच होती. त्यामुळं त्या घरात कोण केव्हा आत गेलं आणि केव्हा बाहेर आलं, हे मला घरबसल्या कळायचं. मी काही कान लावून बसत नव्हते. पण सकाळी तोंड धुवायला, दुपारी पाय धुवायला, संध्याकाळी भांडी घासायला माणूस न्हाणीतच जातो की. तिथं ऐकू आलं तर मी काय करणार? आमचे हे, निंगप्पा, म्हणायचे, "गुरम्मा, तुला म्युनिसिपालिटीनं नेमलंय काय गं तिथं?"

ते घर सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडं, गिरणीतल्या एका गोऱ्या इंजिनेराचं. तो विलायतेला परत गेला आणि सिद्धलिंगप्पांनी ते भाड्यानं घेतलं. पेठेत स्वतःचं चांगलं दगडी घर असताना! सुताचा व्यापार, माणूस हिशेबी, आणि भाड्याच्या घरात? सगळ्या आळीला कोडं पडलं. मी दुसऱ्याच दिवशी हळदीकुंकवाचं निमित्त करून आत जाऊन आले आणि कोडं सुटलं. कारण होतं तो संडास.

आम्हा सगळ्यांकडं तेव्हा टोपलीचे संडास, मागच्या बोळात. इथं मात्र घरातच एक खोली. चिनी मातीचं पांढरं भांडं, वर खुर्चीसारखी लाकडी बैठक, भिंतीवर उंच लोखंडी टाकी आणि तिला लोंबणारी साखळी. साखळी ओढली की धबधब्यासारखं पाणी यायचं आणि सगळं वाहून जायचं. मी तीनदा ओढून बघितली. सिद्धलिंगप्पा दारात उभे राहून हसत होते. "ओढा, ओढा वहिनी. टाकी रिकामी झाली की तुमच्याच घागरी आणून भरू."

त्यांच्या बायकोच्या, काशक्काच्या, उजव्या अंगावरून आदल्या वर्षी वारं गेलं होतं. भिंतीला धरून चालायची, पण उकिडवं बसणं गेलं आणि बादली उचलणं गेलं. पेठेतल्या घरात तिला दोन बायकांनी धरून न्यावं लागे. ती कधी बोलली नाही, पण रोज रडायची. इथं ती एकटी आत जायची, खुर्चीवर बसायची आणि डाव्या हातानं साखळी ओढायची. कुणाचं काही घेणं नाही. एवढ्यासाठी त्या माणसानं घर बदललं होतं.

२

वर्षभर ठीक चाललं. मग एके दिवशी काशक्कानं साखळी ओढली तर वर नुसतं खड्‌कन वाजलं, पाणी काही आलं नाही. गिरणीतला फिटर धुळाप्पा येऊन टाकीत डोकं घालून बघून गेला. आतला एक तुकडा गंजून तुटला होता. तो इथं मिळणारा नव्हता, मुंबईहून मागवायचा. तोवर बादली.

बादलीनं पाणी ओतायचं म्हणजे सोपं वाटतं. तसं नसतं. थोडं थोडं ओतलं तर पाणी भांड्यात नुसतं फिरतं आणि घाण तिथंच. बादली छातीइतकी उचलून, मधोमध, एकदम रिती करावी लागते. घरात ज्याचं त्याचं ओतणं वेगळं. मुलगा चनमल्लप्पा घाईत निम्मं फरशीवर सांडायचा. सून सावित्रम्माला दिवस गेलेले, ती अर्धी अर्धी बादली दोनदा ओतायची. आणि सिद्धलिंगप्पा आधी तांब्यानं भांड्याच्या कडा धुवायचे, मग थांबायचे, मग भरली बादली एका दमात. लगेच दगडावर ती पालथी घातल्याचा आवाज, आणि स्टेशनवर गाडी सुटावी तसं मोठ्यानं, "गेलं!"

हे सगळं काशक्कासाठी. तिच्या मागून ते दुसऱ्या कुणाला आत जाऊ देत नव्हते. ती भिंतीला धरून बाहेर उभी असायची आणि रोज तेच म्हणायची.

"नवऱ्याच्या हातनं असलं काम. पाप लागंल मला."

"पाणी ओततोय, गोवऱ्या थापत न्हाई."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हंजे कोण? भिंतीपलीकडं गुरम्मावहिनी हायेत, त्यांना विचार की." मग आवाज चढवून, "काय वहिनी?"

मी हातातलं भांडं मुद्दाम आपटायची. तिकडून दोघांचं हसणं यायचं.

बायको आजारी पडली की पुरुष सून शोधतात, मोलकरीण शोधतात. हा माणूस बादली शोधत होता. आमच्या ह्यांना मी तेवढं एकदा ऐकवलं. ते म्हणाले, "तू आधी आजारी तर पड."

३

उन्हाळ्यात सिद्धलिंगप्पा बहिणीकडं जेऊरला गेले, शेताच्या वाटणीचं काही बोलायला. दोन दिवसांत येतो म्हणून गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी चनमल्लप्पा स्वतःच्या घरी न जाता माझ्या मागच्या दारात उभा राहिला. हातात तार होती. 

"मावशी, अप्पा..."

शेतातच, लिंबाखाली चहा पिता पिता, बसल्या जागी गेले होते.

वैद्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं की काशक्काला पुन्हा धक्का बसला तर ती राहायची नाही. ऊन असं की प्रेत गाडीनं आणणंही शक्य नव्हतं. चनमल्लप्पा तिथंच जाऊन सगळं करून आला. आणि आम्ही मिळून ठरवलं, तिला सांगायचं नाही. वाटणीचं लांबलंय, अप्पा आखाड उतरल्यावर येतील, असं सांगायचं.

दुसऱ्या कुणाच्या घरात हे लपलं नसतं. सुतक आलं असतं, चूल बंद झाली असती, देव झाकले असते. पण आम्हा लिंगायतांत सुतक धरत नाहीत. माणूस शिवाला मिळाला, त्यात विटाळ कसला? सकाळची लिंगपूजा चालू, स्वयंपाक चालू. काशक्काच्या हातात हिरव्या बांगड्या, अंगावर नेहमीचं इरकली लुगडं. घरात काहीच बदललं नाही. जंगमांना, आमच्या पुरोहितांना, त्यांच्या नावानं जेवण घालायचं होतं ते माझ्या घरी घातलं. भिंतीपलीकडून तिनं हाक मारून विचारलं, "गुरम्मा, पुरणाचा वास येतोय गं. काय हाय?"

"नवस होता अक्का," मी म्हणाले.

"मग मला न्हाई व्हय?"

मी ताट घेऊन गेले. नवऱ्याच्या नावाचं पुरण तिनं माझ्या हातून खाल्लं आणि म्हणाली, गूळ कमी पडलाय.

४

सिद्धलिंगप्पा जेऊरला गेल्यापासून सावित्रम्मानं गुपचूप पाणी ओतून भागवलं होतं. पुरणाच्या तिसऱ्या दिवशी काशक्कानं तिला बादलीसकट धरलं. पोटुशी सून, अवघडलेली, कमरेवर हात ठेवून उभी.  काशक्का खोलीत जाऊन आडवी झाली आणि त्या दिवसापासून तिनं पाणी सोडलं.

सोडलं म्हणजे अगदीच सोडलं असं नाही. तोंड ओलं करण्यापुरतं घ्यायची. ताक नको, आमटी नको, कोरडी भाकरी चावत बसायची. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि गेलं की मागून कुणीतरी ओतायला लागतं. साधा हिशेब.

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल. दुपारी कावळासुद्धा चोच उघडी ठेवून बसतो. चार दिवसांत तिचे ओठ फाटले, जीभ जड झाली. वैद्य म्हणाले, पाणी पाजा, नाहीतर आठवडाही काढायच्या नाहीत. धक्का बसू नये म्हणून आम्ही लपवलं आणि त्या लपवण्यानंच ती चालली होती.

मी तिच्या खाटेवर बसले. "अक्का, हे काय चालवलंय? घोटभर घे."

"हे आल्यावर घेते की."

"तोवर?"

"तोवर ऱ्हाते."

"सावित्रीला नको, तर मी ओतते. रोज येईन."

तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "तू? तू सात रस्त्याला फळ्यावर लिवशील."

एवढं बोलून तिला धाप लागली. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. मी उठले ती सरळ धुळाप्पाच्या घरी गेले. तो म्हणाला, "बाई, मालच आला न्हाई मुंबईवरनं. माझ्या हातात असतं तर मी काय टाकीवर बसून ऱ्हायलो असतो?"

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न्हाणीत पायांवर पाणी घेत होते. दुपारच्या वेळी आमच्या आळीत लांबवर गिरणीची घरघर सोडली तर काही ऐकू येत नाही. भिंतीपलीकडं दार करकरलं. काशक्का आत गेली, तिचा हात भिंतीवरून घासत गेल्याचा आवाज मला पाठ होता. मला बरं वाटलं, म्हणजे पोटात काहीतरी पाणी गेलंय. मग ती बाहेर आली. दार लागलं.

मग तांब्याचा आवाज आला. कडा धुतल्याचा.

थोडा वेळ काही नाही.

मग भरली बादली, एका दमात. आणि दगडावर ती पालथी घातल्याचा आवाज.

मी तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. पुढचा शब्द येईल म्हणून वाट बघत होते. तो आला नाही.

मनाला म्हटलं, चनमल्लप्पा असेल. पोरानं बापाचं बघून घेतलं असेल. पदर सावरला आणि मागच्या दारानं तिकडं गेले. सावित्रम्मा पुढच्या खोलीत गारव्यासाठी ओल्या केलेल्या फरशीवर गाढ झोपलेली. चनमल्लप्पाचे जोडे दारात नव्हते, तो दुकानात. संडासाची फरशी ओली होती, बादली पालथी होती, भांडं पांढरं स्वच्छ. काशक्काला एका हातानं भरली बादली उचलणं शक्य नव्हतं. मी स्वतः भरून उचलून बघितली. मलाही दोन्ही हात लागले.

ती खाटेवर उठून बसली होती. बाजूला तांब्या रिकामा. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"आले गं हे," ती म्हणाली.

"कुठं... कुठं आहेत?"

"हितंच की," ती म्हणाली आणि दुसरा तांब्या मागितला.

मी दिला. दुसरं काय करणार? मरायला टेकलेलं माणूस पाणी मागत होतं. ती प्यायली आणि मी तिच्या गळ्याकडं बघत राहिले. एकेक घोट उतरताना दिसत होता. त्या क्षणी मला भीती वाटली नाही, हे खरं. भीती घरी गेल्यावर, चुलीपुढं बसल्यावर वाटली.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "नळात वारा कोंडतो. धडाधडा वाजतो."

"नळ बादली पालथी घालतो का?"

"सून झोपेत चालत असंल. गरोदर बायका चालतात."

"झोपेत कडा धुते?"

ह्यांनी पान लावायला घेतलं. 

६

मग ते रोजचं झालं. दुपारी, आळी झोपली की. काशक्का पाणी प्यायची, ताक प्यायची, तिच्या गालांवर परत तुकतुकी आली. आमच्या ह्यांच्याशिवाय हे फक्त मला आणि सावित्रम्माला ठाऊक. सावित्रम्मा दुपारची माहेरी जायला लागली, जवळच होतं. जाताना मला म्हणायची, "काकू, तेवढं बसा हं अत्तींपाशी." सासूला ती अत्ती म्हणायची. मीही बसायची. भीती एकीकडं, पण आत काय आहे हे कळल्याशिवाय मला घास गेला नसता.

काशक्काची खोली दुपारी अंधारी करून ठेवलेली. खिडकीला ओलं पोतं. खाटेच्या समोरच्या कोपऱ्यात एक घोंगडी घडी घालून टाकलेली असायची. मी खाटेच्या कडेला बसले की माझी पाठ त्या कोपऱ्याकडं व्हायची. काशक्का माझ्याशी बोलायची, पण बोलता बोलता तिचे डोळे माझ्या खांद्यावरून मागं जायचे आणि तिथं जरा थांबायचे. लहान पोर झोपलंय का हे बघावं तसे.

"लई थकलेत गं," ती हळू म्हणाली.

"कोण?"

"हे. जेऊरचं पाणी मानवलं न्हाई. बोलत न्हाईत. जेव म्हटलं तर जेवत न्हाईत. पाय नुसते मातीनं भरलेले, धुते म्हटलं तर धुऊ देत न्हाईत."

माझी मान वळेना. मी म्हणाले, "मग जरा आडवं व्हा म्हणावं."

"तेच म्हणते की मी. आडवे होतच न्हाईत. मांडी घालून बसतात. रात बसून, दिवस बसून. मांडी मोडतच न्हाई बघ त्यांची."

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमच्यात माणसाला आडवं करून पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात. हातात त्याचं गळ्यातलं इष्टलिंग देतात, भोवती विभूती आणि बेलपत्री घालतात, आणि मग वरून माती लोटतात. जेऊरला चनमल्लप्पानं तेच केलं होतं. आणि हे काशक्काला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पोत्यातून पाणी टपकत होतं. कोपऱ्यातून काही आवाज नव्हता. मी शेवटी मान वळवली. घोंगडी होती, घडी घातलेली. फक्त मधोमध दबलेली होती, कुणी बराच वेळ बसून उठल्यासारखी. किंवा अजून बसलेलं असल्यासारखी.

मी तांब्या भरून तिच्यापुढं धरला. तिनं एकच घोट घेतला आणि ठेवून दिला.

"घे की अजून."

"नको. मी गेले की उठायला लागतं त्यांना. गुडघे वाजतात गं उठताना, लाकूड मोडल्यागत. मला बघवत न्हाई." तिनं पदरानं डोळे टिपले. "म्हणून मी आता कमीच पिते."

मला तेव्हा कळलं की आपण पुन्हा होतो तिथंच आलोय. तो तिच्यासाठी उठत होता, आणि त्याला उठावं लागू नये म्हणून ती तहानलेली राहत होती. कुणी कुणाला समजवायचं?

७

संध्याकाळी मी चनमल्लप्पाला आमच्या ओसरीवर बसवून सगळं सांगितलं. तो आधी चिडला. "मावशी, तुम्हाला काय उद्योग नाहीत का? रिकामं बसून भिंतीला कान लावता आणि..."

"लावते. पण घोंगडी मी दाबली नाही."

मग मी मांडीचं सांगितलं.  तो हाताची बोटं मोडत राहिला.

"मीच बसवलं त्यांना," तो म्हणाला. "पाय घडी होत नव्हते. मीच दाबले." आणि लहान पोरासारखा रडायला लागला. आमचे हे तोंड फिरवून पान लावत बसले.

त्यानं रडून झाल्यावर डोळे पुसले आणि रात्रीच्या मेलनं मुंबईला गेला. तुकडा यायची वाट बघायला आता वेळ नव्हता. दुकानदारांच्या दारोदार फिरून, कुठल्याशा भंगारातल्या टाकीतून तसलाच तुकडा काढून, फडक्यात बांधून तो परत आला. तो येईपर्यंत काशक्काचे ओठ पुन्हा फाटले होते. ती दिवसाला दोन घोटांवर आली होती आणि हसून म्हणत होती, "आज उठायला लागलं न्हाई बघ त्यांना."

८

धुळाप्पा भर दुपारीच आला. शिडीवर चढून ठोकाठोक केली, तुकडा आत बसवला, टाकीची भिंतीतली निखळलेली कडी आणि दाराची बिजागरी चुन्यात पुन्हा बसवली, टाकी भरली, आणि साखळी ओढली. पाणी असं धडाडून आलं की सावित्रम्मा दचकून भिंतीला टेकली.

"झालं काम," धुळाप्पा म्हणाला. "आता कुणी बादली उचलायची गरज न्हाई."

हे तो आम्हाला म्हणाला. पण मला उगाच वाटलं, हे मोठ्यानं बोलला ते बरं झालं.

मी काशक्काला सांगितलं. तिला आधी पटेना. मी तिच्या हातात तांब्या दिला, तिनं माझ्या खांद्यावरून कोपऱ्याकडं बघितलं, कुणाची परवानगी घ्यावी तसं, आणि मग सगळा तांब्या प्यायली. थोड्या वेळानं म्हणाली, "चल, धर मला." मी तिला दारापर्यंत नेलं. ती आत गेली. दार नीट लागलं नाही, चुन्यामुळं बिजागरी अडत होती. मी, चनमल्लप्पा आणि सावित्रम्मा बाहेर उभे. धुळाप्पा अंगणात विडी ओढत होता.

आत बराच वेळ काही नाही. मग साखळीची किणकिण. एकदा. दोनदा. मुंबईचा तुकडा ताठ होता, आणि तिच्या त्या डाव्या हातातही आता जोर उरला नव्हता.

"मी जाऊ का आत?" चनमल्लप्पा कुजबुजला. मी त्याला मागं सारलं आणि फटीतून बघितलं.

वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप साखळीवर पडली होती. काशक्का उभी होती, तोंड साखळीकडं, आणि तिचा बांगड्यांनी भरलेला हात साखळीच्या मुठीवर. ती मुठीशी झटत नव्हती. ती कुणालातरी सांगत होती, अगदी हळू, "तुमी बसा. मी वडते. बसा म्हणते की."

तिच्या मनगटावर दुसरा हात होता. कोपरापर्यंतच दिसला, पुढं दाराची कड होती. राखाडी, कोरडा. तो घाई करत नव्हता. जरा थांबला, तांब्या आणि बादलीच्या मधे सिद्धलिंगप्पा जसे थांबायचे तसा, आणि मग दोन्ही हात मिळून खाली आले.

पाण्याच्या आवाजात मी काही ओरडले असले तरी कुणाला ऐकू गेलं नाही.

दार उघडलं. काशक्का एकटी भिंतीला धरून बाहेर आली. मागं खोली रिकामी, साखळी हलत होती. मी तिला धरून खाटेवर आणलं. जाताना कोपऱ्याकडं बघितलं. घोंगडीची घडी फुगीर होती, नुकतीच टाकल्यासारखी.

"पाणी," ती म्हणाली.

सावित्रम्मानं दिलं. ती प्यायली, दम घेतला, पुन्हा प्यायली. मग तांब्या खाली ठेवून लेकाकडं बघितलं.

"चन्नू, जेऊरला माती नीट दाबली न्हाई का रं तुमी?"

चनमल्लप्पा तिच्यापुढं खाली बसला. "अव्वा, तुला कुणी..."

"महिनाभर या घरात माझ्याशी कुणी भांडलं न्हाई. ही गुरम्मा पुरणाचं ताट घेऊन आली आणि गूळ कमी हाय म्हटलं तरी गप बसली. मला काय कळत न्हाई व्हय?" ती रागावली नव्हती. थकलेली होती, आणि ओठ ओले होते. "माती सैल ऱ्हायली असंल, म्हणून उठता आलं त्यांना. उद्या गाडीनं जा. चांगली पाणी मारून दाबून घे. वरनं एक दगड ठेव. आता उठायचं काम न्हाई म्हणावं त्यांना."

चनमल्लप्पा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. ती डाव्या हातानं त्याचे केस सारखे करत राहिली. त्या हाताच्या मनगटावर, बांगड्यांच्या खाली, चार बोटांच्या खुणा होत्या. मी म्हटलं, धुळाप्पानं चुना लावलाय, तोच साखळीवरून लागला असेल. पण चुना पांढरा असतो, एवढं मलाही कळतं. या खुणा काळ्या होत्या, शेतातल्या मातीच्या.

मी ओलं फडकं आणलं आणि तिचा हात हातात घेतला. तिनं तो मागं ओढून घेतला, पदराखाली.

"असू दे," ती म्हणाली. "वाळली की झडंल."